प्लॅटिनमवर इथिलीन: पाय, डाय-सिग्मा की इथिलिडाइन?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. विचारणारे पीएचडीच्या पहिल्या वर्षात आहेत. गाइडनी प्लॅटिनमच्या (१११) पृष्ठभागावर, म्हणजे क्रिस्टलच्या सपाट, दाट अणूंच्या बाजूवर, इथिलीन बसवून डीएफटी (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढणारं गणित) करायला सांगितलंय. पुस्तकात लिहिलंय की इथिलीन पाय-बंधाने, म्हणजे दुहेरी बंधाच्या इलेक्ट्रॉनांनी, धातूला धरतं. एका पेपरात ते डाय-सिग्मा आहे, म्हणजे प्रत्येक कार्बन एकेका धातूच्या अणूला एकेरी बंधाने जोडलेला. तिसरीकडे तर इथिलीन उरतच नाही, त्याचं इथिलिडाइन (एक हायड्रोजन गमावलेला तुकडा) होतं. वर गणितातून बंधाची ऊर्जा १.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आली आणि जुन्या प्रयोगातला आकडा आहे ०.७४. मग चूक कुणाची? शेवटी एक जोडप्रश्न: मिथेन धातूवर का बसत नाही?

चूक कुणाचीच नाही. तुमच्या प्रश्नात तापमान नाही, एवढाच घोटाळा आहे. स्वच्छ प्लॅटिनम (१११) वर ५० केल्विनच्या खाली इथिलीन सोडलं तर ते पाय-बंधाने बसतं. १०० केल्विनच्या आसपास तेच इथिलीन डाय-सिग्मा झालेलं असतं. २८० केल्विनच्या पुढे गेलात की ते एक हायड्रोजन टाकून देतं आणि इथिलिडाइन होतं. क्रिस्टल तोच, गॅस तोच. पुस्तक, पहिला पेपर आणि दुसरा पेपर एकाच रस्त्यावरच्या तीन वेगळ्या थांब्यांबद्दल बोलताहेत.

तरी ‘तापमान सांगा, उत्तर देतो’ इतकं ते सोपं नाही. कोणता धातू, त्याची कोणती बाजू, पृष्ठभाग सपाट आहे की पायऱ्यापायऱ्यांचा, आधीपासून तिथे ऑक्सिजन किंवा पोटॅशियम बसलंय का, रेणूंची गर्दी किती, या सगळ्यावर उत्तर बदलतं. प्लॅटिनमवर आधी थोडा ऑक्सिजन बसवला तर १०० केल्विनलाही तुम्हाला पाय-बंधाचं इथिलीन दिसेल. माझं बरंचसं काम अतिनिर्वात चेंबरमध्ये, एकस्फटिकांवर झालंय. उद्योगातल्या खऱ्या उत्प्रेरकांशी गाठ नंतर पडली. त्यामुळे माझं उत्तर थोडं स्वच्छ पृष्ठभागाच्या बाजूला झुकलेलं असेल, ते लक्षात ठेवून वाचा.

आता बंधाकडे. धातूला इथिलीन कसं धरतं याचं चित्र पृष्ठभागवाल्यांनी काढलेलं नाही. ते कॉम्प्लेक्सच्या रसायनशास्त्रातून आलं. डेन्मार्कच्या झाइझेने १८२० च्या दशकात प्लॅटिनमचं एक पिवळं मीठ बनवलं होतं, ज्यात इथिलीन आहे. ते टिकतं कसं, हे सव्वाशे वर्षं कुणाला नीट सांगता येत नव्हतं. १९५१ मध्ये ड्युअरने आणि १९५३ मध्ये चॅट आणि डंकनसन यांनी जे मांडलं ते आजही चालतं. देवाणघेवाण दुतर्फा आहे. इथिलीन आपल्या भरलेल्या पाय ऑर्बिटलमधून धातूच्या रिकाम्या जागेत इलेक्ट्रॉन देतं, आणि धातू आपल्या भरलेल्या डी ऑर्बिटलमधून इथिलीनच्या रिकाम्या पाय-स्टार ऑर्बिटलमध्ये इलेक्ट्रॉन परत देतो. या दोन्ही गोष्टींनी धातू-कार्बन बंध पक्का होतो, आणि दोन्हींनी कार्बन-कार्बन बंध सैल होतो. पण दुसऱ्या गोष्टीने जास्त, कारण पाय-स्टार हे बंध तोडणारंच ऑर्बिटल आहे.

धातू किती परत देतो यावर सगळं ठरतं. झाइझेच्या मिठात फारसं परत दिलं जात नाही. तिथे कार्बन-कार्बन अंतर सुमारे १.३७५ अँगस्ट्रॉम आहे, मोकळ्या इथिलीनमध्ये १.३४. म्हणजे दुहेरी बंध जवळजवळ शाबूत. प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर मात्र अणूंची रांगच असते. शेजारचे दोन प्लॅटिनम अणू २.७७ अँगस्ट्रॉमवर असतात आणि इथिलीन त्यांच्यावर आडवं पडून एकेका कार्बनने एकेक प्लॅटिनम धरतं. कार्बनचं एसपी-टू संकरण एसपी-थ्रीकडे झुकतं, चारही हायड्रोजन पृष्ठभागापासून वर कलतात, आणि कार्बन-कार्बन अंतर १.४९ पर्यंत ताणलं जातं. इथेनमध्ये ते १.५४ असतं, तेव्हा दुहेरी बंधाचं फारसं काही शिल्लक राहिलेलं नाही. यालाच डाय-सिग्मा म्हणायचं.

पाय आणि डाय-सिग्मा हे दोन वेगळे कप्पे नाहीत, एकाच पट्टीची दोन टोकं आहेत. कंपनांच्या मापातून ही पट्टी आखताही येते. स्टुव्ह आणि मॅडिक्स यांनी १९८० च्या दशकात तसा एक आकडा सुचवला: मोकळं इथिलीन म्हणजे शून्य, डायब्रोमोइथेन (ज्यात कार्बन-कार्बन बंध एकेरी आहे) म्हणजे एक. या पट्टीवर प्लॅटिनम (१११) ०.९ च्या आसपास येतं, झाइझेचं मीठ ०.४ च्याही खाली, आणि तांबं-चांदी त्याहून खाली, शून्याच्या बाजूला. मला ही पट्टी अजून आवडते, कारण एकाच कंपनाच्या आकड्यावर भिस्त ठेवली की फसगत होते. मोकळ्या इथिलीनमध्ये कार्बन-कार्बन ताण १,६२३ प्रति सेंटीमीटरला दिसतो आणि प्लॅटिनमवरच्या डाय-सिग्माचा सुमारे १,०५० ला. पण मधल्या अवस्थांमध्ये हाच ताण सीएच-टूच्या कात्रीसारख्या हालचालीत मिसळतो. मग १,५०० ला दिसणारी रेघ ‘कार्बन-कार्बन’ आहे की ‘सीएच-टू’ हा प्रश्नच चुकीचा ठरतो, कारण ती दोन्ही असते. तुमच्या डीएफटीतून कंपनं काढलीत तर प्रत्येक मोडमध्ये कोण किती हलतंय ते बघा, नुसत्या आकड्यांची प्रयोगाशी जुळणी करू नका.

प्रयोगशाळेतली एक व्यवहारातली गोष्टही सांगतो. ५० केल्विनच्या खाली जायला द्रव हेलियम किंवा हेलियमवर चालणारा क्रायोस्टॅट लागतो. द्रव नायट्रोजनवर क्रिस्टल फार तर ८०-९० केल्विनपर्यंत थंड होतो. आपल्याकडे बहुतेक चेंबर नायट्रोजनवर चालतात, कारण हेलियम महाग. त्यामुळे बहुतेकांनी आयुष्यात पाहिलेलं पहिलं इथिलीन डाय-सिग्माच असतं, आणि स्वच्छ प्लॅटिनमवरचं पाय-इथिलीन ऐकीव राहतं.

इथिलिडाइनची कथा थोडी वेगळी, आणि माझ्या मते या विषयातली सगळ्यात शिकण्यासारखी. खोलीच्या तापमानाला प्लॅटिनम (१११) वर इथिलीन सोडलं की इलेक्ट्रॉन विवर्तनात दोन-बाय-दोनचा नक्षीदार ठिपक्यांचा नमुना दिसतो. म्हणजे दर चार प्लॅटिनम अणूंमागे एक काहीतरी बसलंय. ते काय आहे यावर १९७० च्या दशकात चांगलाच वाद झाला. आधी बऱ्याच जणांना ते ॲसिटिलीनसारखं आडवं काहीतरी वाटत होतं. दशकाच्या शेवटी बर्कलीत केस्मोडेल, ड्युबॉइस आणि सोमोर्जाई यांनी विवर्तनाच्या तीव्रतेवरून वेगळंच मांडलं: रेणू उभा आहे. खालचा कार्बन तीन प्लॅटिनम अणूंच्या मधल्या खळग्यात रुतलाय आणि त्याच्या डोक्यावर मिथिल गट आहे. अंतर १.५० अँगस्ट्रॉम, म्हणजे सरळ एकेरी बंध.

यावर शिक्कामोर्तब झालं ते नुसत्या पृष्ठभागाच्या प्रयोगांतून नाही. कोबाल्टचं एक क्लस्टर संयुग माहीत होतं, तीन कोबाल्ट अणूंच्या त्रिकोणावर अगदी असाच कार्बन आणि वर मिथिल. १९८१ मध्ये शेपर्ड यांच्या सोबतच्या गटाने या संयुगाची कंपनं नीट ओळखून काढली आणि ती प्लॅटिनमवरच्या कंपनांशी ताडून पाहिली. जुळली. तेव्हापासून धातूवरचा एखादा अनोळखी तुकडा ओळखायचा असेल तर आधी त्याचा क्लस्टरमधला भाऊबंद शोधायचा, ही आमच्याकडची रीतच पडली.

इथे तुमच्या कामाला येईल असा एक बारकावा आहे. धातूच्या पृष्ठभागावर इन्फ्रारेडमध्ये फक्त तीच कंपनं दिसतात ज्यांचा द्विध्रुव पृष्ठभागाला लंब बदलतो. आडव्या बदलाला धातूतले इलेक्ट्रॉन लगेच आरशातल्या प्रतिमेसारखे झाकून टाकतात. इथिलिडाइन उभं आहे, म्हणून त्याचा कार्बन-कार्बन ताण (सुमारे १,१२५) आणि मिथिलचं छत्रीसारखं उघडमीट होणं (सुमारे १,३४०) ठसठशीत दिसतात, तर मिथिलच्या असममित हालचाली जवळपास गायब असतात. डाय-सिग्मात कार्बन-कार्बन आडवा, म्हणून तिथे हीच रेघ फिकट. रेघ नाही म्हणजे रेणू नाही असं नव्हे. कदाचित तो आडवा पडलाय.

आता ०.७४ विरुद्ध १.२. खरी मेख इथे आहे, म्हणून जरा सावकाश.

०.७४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणजे ७१ किलोज्यूल प्रति मोल. हा आकडा टीपीडीतून येतो. थंड क्रिस्टलवर इथिलीन बसवायचं, एका ठरलेल्या वेगाने तापवत न्यायचं, आणि काय काय कधी सुटतं ते मास स्पेक्ट्रोमीटरवर बघायचं. प्लॅटिनम (१११) वरून इथिलीनचं पीक साधारण २८५ केल्विनला येतं. रेडहेडच्या सूत्रात (पिकाच्या तापमानावरून बंधऊर्जा काढायचं सूत्र) २८५ केल्विन, सेकंदाला ३ केल्विन असा तापवण्याचा वेग आणि दहाचा तेरावा घात हा नेहमीचा पूर्वगुणक (रेणू सेकंदाला किती वेळा सुटू पाहतो तो आकडा) टाका, सुमारे ७३ किलोज्यूल येतात. पण पूर्वगुणक दहाचा पंधरावा घात धरला तर तेच पीक ८४ किलोज्यूल सांगतं. मोठ्या, मोकळेपणी हलणाऱ्या रेणूंना हा दुसरा आकडा पुष्कळदा जास्त शोभतो. म्हणजे ०.७४ हा मोजलेला आकडा नाही. मोजलंय तापमान, आणि आकडा एका गृहीतकातून आलाय.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. पृष्ठभागावर इथिलीन कमी असेल तेव्हा ते सुटतच नाही, तुटतं. सुटणं आणि इथिलिडाइन होणं दोन्ही २८०-३०० केल्विनलाच सुरू होतं, त्यामुळे दोघांत शर्यत लागते. टीपीडीत जे पूर्ण इथिलीन म्हणून बाहेर येतं ते गर्दीमुळे सैल झालेलं, शेजाऱ्यांनी ढकललेलं इथिलीन. तुमच्या डीएफटीत मोठ्या सेलमध्ये (गणितात पुन्हा पुन्हा येणाऱ्या पृष्ठभागाच्या तुकड्यात) एकटं, ऐसपैस बसलेलं इथिलीन आहे. दोन्ही आकडे वेगळ्या रेणूंचे आहेत, तेव्हा ते जुळायला हवेत ही अपेक्षाच नको.

तिसरी गोष्ट फंक्शनलची, म्हणजे डीएफटीत इलेक्ट्रॉनांच्या परस्परक्रियेसाठी वापरलेल्या अंदाजी सूत्राची. पीबीई आणि आरपीबीई ही अशी दोन सूत्रं. पीबीई प्लॅटिनमवर इथिलीनला जरा जास्तच घट्ट धरतं. आरपीबीईत तीच ऊर्जा पाव ते अर्ध्या इलेक्ट्रॉन-व्होल्टने खाली येते. व्हॅन डर वाल्सची भर घातली तर पुन्हा वर जाते. इथिलीनसारख्या लहान रेणूत ही भर तशी थोडी, पण बेंझीन आणि त्यापुढे ती विसरून चालणार नाही. एका फंक्शनलचा एक आकडा प्रयोगाशी जुळला म्हणून खूष होऊ नका. दोन चुका एकमेकींना खोडतात तेव्हाही आकडा जुळतो.

टीपीडी तुमच्याकडे कुणी करत असेल तर त्यांना दोन गोष्टी जरूर विचारा. पहिली, इथिलीन कोणत्या वस्तुमानावर पाहिलं? इथिलीनचं मुख्य पीक २८ ला असतं, पण कार्बन मोनॉक्साइडही २८, नायट्रोजनही २८. चेंबर कितीही चांगला असला तरी त्यात थोडा कार्बन मोनॉक्साइड असतोच, आणि तो प्लॅटिनमवरून ४५० केल्विनच्या आसपास सुटतो. ४५० ला २८ वर दिसलेला उंचवटा पाहून ‘हे घट्ट बसलेलं इथिलीन’ असं लिहिणारे प्रबंध मी परीक्षक म्हणून वाचलेत. इथिलीन बघायचं तर २७ किंवा २६ वर बघा. त्याचे तुकडे तिथे भरपूर येतात आणि मोनॉक्साइड तिथे फिरकत नाही.

दुसरी, हायड्रोजनच्या पिकांचं क्षेत्रफळ मोजलं का? इथिलीन तुटून इथिलिडाइन होताना चारांपैकी एक हायड्रोजन जातो. तो ३०० केल्विनच्या आसपास बाहेर पडतो. उरलेले तीन इथिलिडाइन पुढे तुटताना, ४५० केल्विनच्या पुढे, पसरट शेपटीसह बाहेर येतात. पहिल्या पिकाचं क्षेत्रफळ दुसऱ्याच्या एक तृतीयांश यायला हवं. ते जास्त आलं तर बहुतेक चेंबरमधला हायड्रोजन आधीच क्रिस्टलवर बसलेला होता, कारण साधा हायड्रोजनही प्लॅटिनमवरून याच सुमारास सुटतो. ड्युटेरियमचं इथिलीन वापरून वस्तुमान ४ वर पाहिलं की ही भानगड मिटते. या साध्या एकास तीनच्या हिशोबातून कळतं की तुकड्यात तीन हायड्रोजन उरले होते. स्पेक्ट्रोस्कोपी न करता सूत्राचा अर्धा अंदाज हाती येतो.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: देवाणघेवाणीचं प्रमाण ठरवतं की इथिलीन पाय राहील की डाय-सिग्मा होईल, तापमान ठरवतं की ते इथिलीन म्हणून राहील की नाही, आणि प्रयोग आणि गणित यांची तुलना करण्याआधी दोन्हीकडे गर्दी किती होती ते विचारायचं.

धातू बदलला तर काय होतं? हॅमर आणि नॉर्स्कोव्ह यांचं १९९५ चं डी-बँडचं मॉडेल इथे मार्गदर्शक म्हणून पुरतं. धातूच्या डी पट्ट्याचं (डी ऑर्बिटलांच्या ऊर्जांच्या पट्ट्याचं) केंद्र फर्मी पातळीच्या (भरलेल्या इलेक्ट्रॉन-पातळ्यांच्या वरच्या सीमेच्या) जितकं जवळ, तितका तो रेणूला घट्ट धरतो. निकेलचं केंद्र फर्मीच्या सुमारे १.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट खाली, पॅलेडियमचं १.८, प्लॅटिनमचं २.२५, तांब्याचं २.७, सोन्याचं ३.६, चांदीचं ४.३. तांबं आणि चांदी इथिलीनला जेमतेम धरतात. ते पाय-बंधाने टेकतं आणि खोलीचं तापमान येण्याच्या कितीतरी आधी, न तुटता, जसंच्या तसं निघून जातं. निकेल उलट. निकेल (१११) वर इथिलीन इथिलिडाइन न होता ॲसिटिलीनकडे वळतं, तेही खोलीच्या तापमानाआधीच. पॅलेडियम, ऱ्होडियम, इरिडियम यांच्या (१११) बाजूंवर पुन्हा इथिलिडाइन.

पण नुसत्या डी-बँड केंद्रावर विसंबू नका. प्लॅटिनमची ५डी ऑर्बिटलं पॅलेडियमच्या ४डी पेक्षा जास्त पसरलेली असतात, त्यामुळे रेणूशी त्यांचं आकर्षण आणि प्रतिकर्षण दोन्ही जास्त. नुसत्या केंद्राकडे पाहून पॅलेडियमवर इथिलीन जास्त घट्ट बसेल असं वाटतं, प्रत्यक्षात प्लॅटिनमवर ते डाय-सिग्माकडे जास्त झुकतं आणि पॅलेडियमवर पाय-इथिलीन जास्त सहज सापडतं. केंद्राचा आकडा म्हणजे पहिला अंदाज, निकाल नव्हे.

आता तुम्ही न विचारलेली, पण विचारायला हवी होती अशी गोष्ट. घट्ट बसणारा रेणू हाच अभिक्रियेत भाग घेणारा असतो असं आपण नकळत धरतो. इथिलीनपासून इथेन बनताना हायड्रोजन एकेक करून जोडला जातो, हे होरिउटी आणि पोलान्यी यांनी १९३४ मध्येच मांडलं होतं. अभिक्रिया चालू असताना प्लॅटिनमचा पृष्ठभाग इथिलिडाइनने भरलेला असतो. साहजिकच वाटतं की हेच मधलं पाऊल. पण सोमोर्जाईंच्या गटाने किरणोत्सारी कार्बन लावून पाहिलं तर इथिलिडाइनला परत हायड्रोजन जोडला जाणं हे इथेन बनण्याच्या वेगापेक्षा कित्येक पटींनी मंद निघालं. पुढे १९९० च्या दशकात त्याच गटाने चालू अभिक्रियेवर सम-फ्रिक्वेन्सी जनरेशनचं लेझर तंत्र वापरलं, आणि काम करणारं इथिलीन हे फार थोड्या प्रमाणात असलेलं, पाय-बंधाने सैल टेकलेलं निघालं. विरार लोकलमध्ये दारात लोंबकळणाराच स्टेशन आलं की पटकन उतरतो. खिडकीपाशी जागा मिळालेला चर्चगेटपर्यंत हलत नाही. इथिलिडाइन खिडकीवालं. स्पेक्ट्रममध्ये सगळ्यात उंच दिसणारी रेघ त्याची असते, आणि म्हणूनच ती दिशाभूल करते.

ॲसिटिलीनमध्ये हे आणखी पैशाच्या भाषेत कळतं. त्रिबंध असल्याने ॲसिटिलीन इथिलीनपेक्षा घट्ट बसतं, तीन अणूंच्या खळग्यावर आडवं, कार्बन-कार्बन ताणून. पॅलेडियम (१११) वर तर तीन ॲसिटिलीन एकत्र येऊन बेंझीन बनतं, तेही अतिनिर्वातात, खोलीच्या तापमानाच्या खाली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हे कळलं तेव्हा पृष्ठभागवाले चाट पडले होते. नागोठण्यासारख्या क्रॅकरमध्ये इथिलीनच्या प्रवाहात थोडं ॲसिटिलीन येतंच, आणि ते राहिलं तर पॉलिइथिलीनचा उत्प्रेरक मरतो. ते दशलक्षात मोजक्या भागांपर्यंत खाली आणायचं, पण इथिलीनला हात न लावता. पॅलेडियम वापरतात, कारण ॲसिटिलीन घट्ट बसून इथिलीनला जागाच देत नाही. पण ॲसिटिलीन संपत आलं की पॅलेडियमचं लक्ष इथिलीनकडे जातं आणि माल इथेन होऊन वाया जातो. म्हणून चांदी मिसळतात. चांदी पॅलेडियमच्या अणूंचे जथे तोडते आणि इथिलीनची पकड ढिली करते, मग तयार झालेलं इथिलीन पुढे इथेन होण्याआधी निघून जातं. २००८ मध्ये नॉर्स्कोव्ह यांच्या गटाने याच दोन बंधऊर्जांच्या तुलनेवरून निकेल-जस्ताचा स्वस्त पर्याय गणितातून शोधून काढला आणि प्रयोगात तो चालला. तुमच्या गाइडना तुमच्या आकड्यांचा उपयोग काय, याचं हे चांगलं उदाहरण.

प्लॅटिनम-कथिल याच जातीचं. प्रोपेनमधून हायड्रोजन काढून प्रोपिलीन बनवताना प्लॅटिनमसोबत कथिल घालतात. प्लॅटिनम (१११) वर कथिलाचा मिश्र थर केला की इथिलीन तुटतच नाही, जसं आलं तसं सुटतं. इथिलिडाइनला लागणारी तीन प्लॅटिनमांची खळगी उरलेली नसते किंवा सोयीची नसते. कोकचा (काजळीसारख्या कार्बनचा) थरही त्यामुळे हळू चढतो.

मिथेनचं उत्तर तसं सोपं आहे. द्यायला पाय इलेक्ट्रॉन नाहीत, घ्यायला खालचं रिकामं ऑर्बिटल नाही. भरलेली ऑर्बिटलं खोल, रिकामी उंच. चारी बाजूंनी हायड्रोजन असल्याने कार्बनपर्यंत पोचायला वाटही नाही. त्यामुळे फक्त व्हॅन डर वाल्सची जुजबी पकड, आणि प्लॅटिनम (१११) वरून ते ६५ केल्विनच्या आसपासच उडतं. बंध तयार होतो तो मिथेन तुटल्यावर, म्हणजे मिथिल आणि हायड्रोजन वेगळे झाल्यावर. त्यासाठी ४३९ किलोज्यूलचा सी-एच बंध फोडावा लागतो. धातू बरीच मदत करतो, तरी मोठा अडथळा राहतोच. सिल्व्हिया सेयर यांच्या गटाने एमआयटीत १९८० च्या दशकात निकेलवर वेगवान मिथेनचा झोत मारून दाखवलं की आदळण्याचा जोर वाढवला तर मिथेन तुटतं. एवढंच नाही, आधी निकेलवर टेकवलेल्या मिथेनवर आर्गॉनचे अणू आदळवूनही ते तुटतं. शब्दशः हातोडा. उद्योगात हाच जोर ८०० सेल्सियसच्या आसपासच्या तापमानातून येतो.

पण ‘मिथेन कधीच बसत नाही’ असंही म्हणू नका. लांब साखळीचे अल्केन (मिथेनच्याच जातीचे रेणू) हळूहळू जास्त घट्ट बसतात, दर कार्बनमागे थोडी भर. सायक्लोहेक्झेनमध्ये तर १९७८ मध्येच ईल्समध्ये (इलेक्ट्रॉन आदळवून कंपनं मोजण्याच्या तंत्रात) एक मऊ पडलेला सी-एच ताण दिसला होता, २,९०० ऐवजी २,६०० च्या आसपास. म्हणजे धातूकडे वळलेला हायड्रोजन नुसता टेकला नव्हता, सी-एच सिग्मा बंधाचेच थोडे इलेक्ट्रॉन धातूला देत होता. आणि धातूऐवजी धातूचं ऑक्साइड घेतलं तर चित्र पालटतं. फ्लोरिडात जेसन वीव्हर यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवलं की इरिडियम डायऑक्साइडच्या (११०) पृष्ठभागावर मिथेन १५० केल्विनलाच तुटतं. तिथे ऑक्सिजनचा एक शेजारी कमी असलेला इरिडियम मिथेनला सिग्मा कॉम्प्लेक्समध्ये धरतो आणि शेजारचा ऑक्सिजन हायड्रोजन काढून घेतो.

तुमच्या गणितापुरतं आता. दोन-बाय-दोन आणि चार-बाय-चार, दोन्ही सेल चालवा, गर्दीचा फरक लगेच दिसेल. पाय, डाय-सिग्मा आणि इथिलिडाइन अधिक हायड्रोजन या तिन्हींची ऊर्जा एकाच फंक्शनलने काढा आणि एकमेकांशी ताडा. फंक्शनलची ढोबळ चूक फरकात बरीच खोडली जाते. निदान एक दुसरं फंक्शनल घ्या, शून्यबिंदू कंपनाची दुरुस्ती विसरू नका, आणि स्लॅबचे (पृष्ठभाग म्हणून घेतलेल्या अणूंच्या थरांच्या) खालचे दोन थर जखडून ठेवा. पीबीईत डाय-सिग्माचं कार्बन-कार्बन अंतर १.४८ च्या जवळ यायला हवं. तिथे १.४० दिसलं तर रेणू दोन अणूंच्या मधोमध नसून एकाच प्लॅटिनमच्या डोक्यावर पाय होऊन बसलाय, आणि ऊर्जाही त्याच प्रमाणात कमी दिसेल. तो दोन अणूंच्या मधल्या पुलावर आणून, हायड्रोजन थोडे वर कलते करून पुन्हा सुरू करा.